काजमावशी आणि तिच्या बहिणीचा बोलपट

काजमावशी आपल्या मेलेल्या बहिणीवर जळते, ही बातमी आमच्या इमारतीत पावाच्या वासासारखी पसरली. म्हणजे तळमजल्यावरून निघाली आणि दारं लावून घेतली तरी घराघरांत शिरली. तळमजल्यावर बेकरी आहे. बेकरीवालीचे हात पिठात आणि कान जिन्यावर, अशी तिची कामाची वाटणी. तिने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. भाची ठेवणीतले कपडे घालून आपल्या आईचा जुना बोलपट बघायला निघाली, तर म्हातारी जिन्यात आडवी बसली आणि उठेचना.

"पाय पसरून बसली होती हो! वर म्हणते, जायचं तर माझ्या अंगावरून जा," असं बेकरीवाली प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर बांधून देत होती. "बहीण नटी झाली, ही राहिली भोकं पाडत. जळणार नाही तर काय करेल?"

यातलं जिन्यात बसणं खरं. पाय पसरणं बेकरीवालीच्या पदरचं, कारण काजमावशीने एकदा पाय पसरले असते तर ते गोळा करायला दोन माणसं लागली असती, असे तिचे गुडघे. "अंगावरून जा" वगैरेही ती म्हणाली नाही. आणि जळणं तर साफ खोटं. उलट ज्या बोलपटापायी ती जिन्यात बसली, त्यातलं आपलं सगळं तिने उचलून बहिणीच्या नावे करून टाकलं होतं. अडचण तीच होती.

काजमावशी हे नाव तिला कारखान्याने दिलं. शर्टाच्या कारखान्यात ती काजं करायची. आधी हाताने, मग मशीनवर, मग डोळे अधू झाल्यावर मशीन चालवणाऱ्या पोरींच्या डोक्यावर बसून. "भोकं पाडायची आणि वर त्याचे पैसे घ्यायचे, हे फक्त मला आणि पुढाऱ्यांना जमतं," असं ती म्हणायची. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून, "अहो, वरचं बटण खालच्या काजात गेलंय, घरात काही भांडण झालं का?" असं विचारायला ती कमी करत नसे. तिची भाची मास्तरीण. भूगोल शिकवायची. जगातल्या सगळ्या नद्या कुठे उगम पावतात ते तिला तोंडपाठ. स्वतःच्या उगमाबद्दल मात्र मावशी सांगेल तेवढंच. दोघींनी लग्नं केली नाहीत. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि दिवसभर एकमेकींना टोमणे, असा संसार. मास्तरीण आता निवृत्तीला आली होती, तरी जिन्यातून उतरताना मावशी वरून ओरडायचीच, "छत्री घेतलीस का?"

या संसारात एक नियम होता. घरात गाणारी एकच, आणि ती म्हणजे आई. मास्तरणीची आई, काजमावशीची ताई, जिला जाऊन पन्नासावर वर्षं झाली होती. काजमावशी बेसूर, हे तर घरात शाबीतच झालेलं. भाची लहान असताना एकदा कपड्यांना इस्त्री करता करता मावशीच्या तोंडून एक ओळ निघून गेली. पोरगी दारात येऊन थबकली. मावशीच्या ते लक्षात आलं आणि पुढची ओळ तिने अशी काही वाकडी नेली की पोरगी कानांत बोटं घालून पळाली. मुद्दाम बेसूर गाणं हे सुरात गाण्यापेक्षा अवघड असतं. गाणाऱ्या कुणालाही विचारा. तेव्हापासून भाचीचं पालुपद ठरलं: "मावशी, तू गुणगुणू नकोस गं, दूध नासेल." यावर सगळ्यांत मोठ्याने मावशीच हसायची.

आता हे सगळं कशापायी, ते सांगायला हवं.

बोलपट नवे नवे होते तेव्हाची गोष्ट. चित्रं बोलायला लागली होती, पण बोलण्याची सवय अजून अंगवळणी पडली नव्हती. कॅमेरा खडखडायचा म्हणून त्याला गोधड्या गुंडाळून खोक्यात कोंडत. कॅमेरावालाही आतच, बाहेर येईपर्यंत उकडलेल्या बटाट्यासारखा व्हायचा. मायक्रोफोन फुलदाणीत लपवलेला असे, त्यामुळे त्या वेळचे सगळे प्रेमी एकमेकांपेक्षा फुलदाणीशीच जास्त मनापासून बोलताना दिसतात. वाजवणारे सोफ्यामागे दडलेले. जिने गाणं म्हणायचं तिने तिथेच, चालता-नाचता म्हणायचं. ते तिथल्या तिथे फिल्मवर उमटायचं. चुकलं तर पहिल्यापासून. खळ दिलेल्या कपड्यांना बंदी, कारण त्यांची सळसळ मशीनला ऐकू जायची.

अशा एका हसवणाऱ्या बोलपटात ताईला काम मिळालं. श्रीमंत घरची मुलगी. तिचं लग्न ठरलेलं. नवरा मुलगा आपल्यावर मरतो की आपल्या पैशावर, हे बघण्यासाठी ती मोलकरणीला आपले कपडे चढवते आणि आपण झाडू घेते. तिकडे त्यानेही तीच अक्कल चालवून आपल्या ड्रायव्हरला साहेब केलेलं. मग मोलकरीण आणि ड्रायव्हर एकमेकांवर श्रीमंतीचा तोरा मिरवतात आणि खरे मालक कोपऱ्यात उभे राहून जळफळतात. ताई मोलकरीण होती. सगळा बोलपट तिच्याच खांद्यावर. मालकिणीचं काम करणारी बाई नुसती सुंदर होती.

अर्धा बोलपट झाला, आणि आवाजाचं मशीन बसलं. ते दुरुस्तीला बोटीने परदेशी गेलं. ताईचा नवराही बोटीवरच नोकरीला होता. मशीन परत आलं, नवरा आला नाही. मधल्या काळात ताई बाळंत झाली, मुलगी झाली, आणि अंगात ताप राहिला तो राहिलाच.

स्टुडिओचे साहेब घरी आले. खाटेपाशी टोपी हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, "सेट उभा आहे, मशीन उभं आहे, आणि बाई तुम्ही आडव्या."

"मग हिला न्या," ताई म्हणाली. 'ही' म्हणजे धाकटी. बाळाचे लंगोट पिळत होती.

"अहो पण चेहरा?"

"नाक तेच आहे बघा. आईने काटकसरीने दोघींना एकाच साच्यातून काढलंय. आणि साहेब, पुढच्या भागात मोलकरीण मालकिणीच्या कपड्यांत असते ना? कपडे बदलले की माणूस बदलतंच. कुणी विचारलंच, तर सांगा, बाईंचा अभिनय!"

साहेब हसले. त्यांना हसावंच लागलं. दुसरा इलाज नव्हता. जाहिराती छापून झाल्या होत्या, नाव ताईचंच राहणार होतं. आणि गंमत बघा, जोड बरोबर त्या ठिकाणी आला जिथे गोष्टीतच अदलाबदल होते. पहिल्या भागातली मोलकरीण ताई, मालकीण बनलेली मोलकरीण धाकटी. पुढे बोलपट लागल्यावर लोक म्हणाले, काय बाई बदलली कपड्यांबरोबर! चालही वेगळी!

गाणी ताईने शिकवली. खाटेवर पडल्या पडल्या, आवाज नसलेल्या श्वासाने, खाटेच्या दांडीवर बोटाने ताल धरून. धाकटी दिवसा स्टुडिओत हसवायची आणि घरी येऊन ताईला सांगायची, आज खोक्यातला कॅमेरावाला हसला, खोकं हललं, सगळं परत करावं लागलं. ताई हसायची, मग खोकायची, मग धाकटीला रागवायची की मला हसवू नकोस.

एक गाणं बाकी राहिलं असताना ताई गेली.

सेट थोडा थांबला, फार थांबेना. राहिलेलं गाणं नेमकं सगळ्यांत विनोदी. खोटी मालकीण खोट्या साहेबापुढे टेबलावरच्या काट्या-चमच्यांशी झटापट करते, अत्तराने तिला शिंका येतात, आणि त्या शिंका गाण्याच्या तालात बसवलेल्या. घरी बाळाला धरायला कुणी नव्हतं. धाकटीने बाळ बरोबर नेलं आणि सोफ्यामागे, व्हायोलिनवाल्याच्या पायाशी, कपड्यांच्या पेटाऱ्यात निजवलं. गाणं सुरू झालं. डोळे सुजलेले होते. रंगवाल्याने त्यांवर इतका रंग थापला की शिंका येणाऱ्या बाईला ते शोभूनच गेलं. अर्ध्या गाण्यात बाळ रडलं. धाकटी थांबली नाही. पेटाऱ्याकडे मान वळवून दोन शब्द फेकले आणि बरोबर तालावर पुढची ओळ उचलली. साहेबांनी ते तसंच ठेवलं. "राहू द्या. एवढा मोठा बंगला आहे, असेल एखादं पोर कुठेतरी!" थिएटरात सगळ्यांत मोठा हशा तिथेच यायचा म्हणतात. धाकटी काही बघायला गेली नाही.

पोरगी बोलायला लागली, मग विचारायला लागली. "माझी आई कशी होती?" दाखवायला एकच फोटो, आणि त्यात ताई हललेली. नेमक्या वेळी कुणाला तरी हसवायला तिने मान फिरवली असणार. चेहऱ्याच्या जागी पांढरट फराटा. त्या फराट्याला आई म्हण, असं पोरीला कसं सांगायचं? मग मावशी म्हणाली, "तुझी आई बोलपटात होती. गायची. लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे." हे खरंच होतं, अर्धं. पोरगी म्हणाली, "मला दाखव." तोवर बोलपट उतरला होता, आणि जुन्या फिल्मा वितळवून त्यातली चांदी काढून घ्यायचा तेव्हा रिवाज होता. बोलपट संपला, पुरावा संपला. मग काय, आई घडवायला मावशीला मोकळं रान मिळालं. पोरगी ताप आला की एक गाणं मागायची, पडली-झडली की दुसरं. म्हणजे गाण्याचे शब्द, सूर नव्हे. हळूहळू शिंकांचं गाणंसुद्धा ताईच्या खात्यात गेलं. "मी रडले होते ना त्यात? आणि आई माझ्याशी बोलली होती?" "हो, बोलली होती." पोरगी ते ऐकून झोपायची. रोज.

साहेबांनी पुढच्या बोलपटासाठी दोनदा माणूस पाठवला. आपल्या नावाने गायलं असतं, तर हा तर तोच आवाज, असं गावभर झालं असतं, आणि एक ना एक दिवस ते पोरीच्या कानावर गेलं असतं. काजमावशी शर्टाच्या कारखान्यात गेली. मशीनच्या घरघरीत मनातल्या मनात गाता येतं आणि कुणाला ऐकू जात नाही, एवढी एक सोय तिथे होती.

आणि आता इतक्या वर्षांनी खांद्याला पिशवी अडकवलेला एक फिल्मवाला उगवला. जुन्या फिल्मा हुडकून वाचवायच्या, हा त्याचा उद्योग. बंद पडलेल्या कुठल्याशा थिएटरच्या माळ्यावर त्याला तो बोलपट सापडला होता. पहिला भाग वितळून चिकट गोळा झालेला, त्यातलं काही वाचवता आलं नाही. दुसरा भाग मात्र ठणठणीत. शोधत शोधत तो मास्तरणीच्या दारात आला आणि म्हणाला, "तुमच्या आईंना आम्ही मोठ्या पडद्यावर दाखवणार आहोत."

मास्तरणीने त्याला तीनदा चहा पाजला. काजमावशी आतल्या खोलीत उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती. तिने ते तीनदा उसवलं.

तर जिन्यात झालं ते असं.

"मावशी, ऊठ ना. उशीर होतोय."

"गुडघा धरलाय."

"काल तर खाली जाऊन बेकरीवालीशी भांडून आलीस."

"म्हणूनच धरलाय. आणि तो बोलपट अर्धाच आहे म्हणे. अर्धं कधी काही बघू नये. डोकं दुखतं. नुसती खरखर असते त्या जुन्या फिल्मांत, तुला काही कळायचं नाही."

"न कळू दे. मला आवाज ऐकायचाय." मास्तरीण एक पायरी खाली येऊन मावशीच्या शेजारी टेकली. ठेवणीतले कपडे चुरगळले, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. "मावशी, मी साठीला आले. मी माझ्या आईचा आवाज कधी ऐकलेला नाही. तू मला सगळं सांगितलंस, पण तिची कुठली एक खूण घरात ठेवली नाहीस. तुला तिचं इतकं वावडं का गं?"

वावडं! काजमावशीने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले होते: तिकडे पडद्यावर तुझी आई नाही, मी आहे. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं की भाचीच्या हातात काय उरणार? तो फराटा. आणि नाही म्हटलं, तर तो आवाज थिएटरात आपला आपण बोलणार. तिने हिशोब केला: आवाज तेव्हा कोवळा होता, आता फाटलाय, मध्ये सगळं आयुष्य गेलंय, फिल्म खरखरते. ओळखणार नाही. ओळखू शकणार नाही.

"हात दे," ती म्हणाली. "मी पण येते."

निम्मी इमारत आली होती. बेकरीवाली पुढच्या रांगेत, हातांना अजून पीठ. दिवे गेले, पडदा उजळला, आणि भल्यामोठ्या खोलीत एक नाकेली पोरगी रेशमी कपड्यांत अडखळत चालत आली. मास्तरणीने मावशीचा हात घट्ट धरला. "आई," ती स्वतःशीच म्हणाली. खरखरीतून पहिलं गाणं आलं. पातळ, उंच, दूर कुठल्या तरी नळातून यावं तसं. मास्तरीण रडत होती आणि हसत होती, आणि मावशीच्या कानाशी लागून म्हणत होती, "किती गोड गं! तू म्हणाली होतीस त्याहून गोड." काजमावशीच्या जिवात जीव आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच कुणी तिच्या गाण्याला गोड म्हणत होतं, आणि तिला मान हलवून म्हणायचं होतं, "ताई होतीच तशी." म्हणाली.

लोक हसत होते. साहेब बनलेला ड्रायव्हर हात धुवायच्या भांड्यातलं पाणी प्यायला, तेव्हा बेकरीवालीने शेजारच्या बाईच्या मांडीवर थाप मारली. मग काटे-चमचे आले, अत्तर आलं, शिंका आल्या. आणि व्हायोलिनच्या मागून एक बारीक रडणं.

पडद्यावरच्या पोरीने मान वळवली. गाण्यातल्या आवाजाने नाही. गाण्यात सगळेच वेगळे असतात. दुसऱ्या खोलीतल्या मुलाला हाक मारताना निघतो त्या आवाजाने ती ओरडली, "आले गं राणी, आलेच! जीव नको काढूस!"

थिएटर हशाने दणाणलं. काजमावशीच्या हातातला हात सैल झाला. झटकला नाही, ओढून घेतला नाही. नुसता त्यातला जोर गेला. मावशीने शेजारी बघितलं नाही. पुढे बोलपट होता तेवढा सगळा, लग्नं लागली, मोलकरणीला ड्रायव्हर मिळाला, लोक हसत राहिले, आणि त्या दोघी आपल्या खुर्च्यांवर कुणीतरी नेऊन ठेवलेल्या सामानासारख्या बसून राहिल्या.

दिवे लागले. फिल्मवाल्याने पुढे येऊन सांगितलं की नायिकेच्या कन्या आपल्यात आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मास्तरीण उभी राहिली. चाळीस पोरांच्या वर्गाला एका भुवईने गप्प करणारी बाई, तिने पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"आवाज ओळखीचा वाटला," ती म्हणाली आणि बसली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती छान बोलल्या, असं ठरलं.

बाहेर चहा होता. बाकं भरलेली, दाराशी एक खुर्ची तेवढी रिकामी. काजमावशी भिंतीला टेकून उभी राहिली. भाची समोर आली. चार पावलांवर बेकरीवाली, बशीत चहा ओतत. आम्ही बाकीचेही फार लांब नव्हतो.

"मावशी, आई कुठे होती त्यात?"

"पहिल्या भागात."

"तो तर गेला."

"हो गं."

मास्तरणीने भिंतीकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. "म्हणजे ती आता कुठेच नाही."

मावशीने पदरातलं सगळं देऊन टाकलं होतं, आणि आज ते तिच्याच आवाजाने परत काढून घेतलं होतं.

"आणि मी तुला दूध नासेल म्हणायचे!" मास्तरणीचा आवाज चढला. ती रडत होती की भांडत होती, ते सांगणं कठीण. "इतकी वर्षं! आणि तू हसायचीस! एका शब्दाने सांगितलं नाहीस. माझ्या आईचं नाव, माझ्या आईची गाणी, मग तू कोण होतीस त्यात? तू कोण होतीस, मावशी?"

बेकरीवालीची बशी ओठांपाशी थांबली.

काजमावशीने भाचीकडे नीट वरपासून खालपर्यंत बघितलं. भिंतीवरचा हात काढून तो भाचीच्या खांद्यावर ठेवला, कारण कुठेतरी टेकायला हवंच होतं. मग म्हणाली, "तिच्या जागी उभी राहिले, दुसरं काय! अजून उभीच आहे. आता ती खुर्ची जरा इकडे ओढशील का?"